'आपला' नावाचा ताप

डहाणूच्या मासळीबाजारात बोंबलांचा वाटा घेत असते आणि मागून आवाज येतो, "मॅडम, आता तरी खरं सांगा, तो तुमचा विलास कुणाचा होता?" दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसलेली असते, तर डॉक्टर हातातलं यंत्र थांबवून तेच विचारतात. मला तर तेव्हा उत्तरही देता येत नाही. रेडिओ सोडून मला बराच काळ झाला. हेडफोन लावून लावून कानांवरचे केस विरळ झाले होते, तेसुद्धा परत आले. हा प्रश्न मात्र जात नाही.

कुणाचा म्हणजे कोणत्या पार्टीचा, कोणत्या गटाचा. आमच्या भागात माणूस कुणाचा तरी असावाच लागतो. तलाठी कुणाचा, कंपाउंडर कुणाचा, नाक्यावर भजी तळणारा कुणाचा, हे सगळं लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. ज्याचं गणित लागत नाही, तो माणूस त्यांना आतल्या गाठीचा वाटतो. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" असं म्हटल्यावर मी ठरवलं, हेच लिहायचं. यापुढे कुणी विचारलं तर अंक पुढे करायचा आणि बोंबील घेऊन घरी यायचं.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे सरावलीजवळ एका संस्थेच्या इमारतीतल्या दोन खोल्या. एकीच्या भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या होत्या, तो स्टुडिओ. दुसरीत दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि चहाची शेगडी, ते ऑफिस. गच्चीवर मनोरा. अशा केंद्राला सामुदायिक रेडिओ म्हणतात. आवाज किनाऱ्यापासून तलासरीच्या टेकड्यांपर्यंत जायचा, मध्ये डोंगर आला की नुसती खरखर. माझे यजमान रेल्वेत होते, त्यांच्या बदलीमुळे आम्ही डहाणू रोडला आलो आणि मी आधी हौस म्हणून आणि मग पगारावर या केंद्राची कार्यक्रम प्रमुख झाले.

लोकांना वाटतं रेडिओ म्हणजे बातम्या. आमच्या परवान्यात बातम्या बसतच नव्हत्या, राजकारण तर लांबच. आम्ही सांगायचो ते असं: भरती किती वाजता, वारा कसा, चिकूचा आजचा भाव काय, कोणत्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कोणत्या वारी बसणार, कुठली एसटी रद्द झाली. आणि शेळ्या. हरवलेल्या शेळ्यांच्या सूचना हा आमचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम होता. शेळी सापडली की तीही सूचना द्यावी लागे, नाहीतर लोक नाराज होत.

आता तुम्ही म्हणाल, शेळ्यांमध्ये कसला आलाय निःपक्षपातीपणा. तिथेच तर सगळे फसतात. रेडिओवर बोलणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही. सकाळी चूल पेटवताना ज्या घरात तुमचा आवाज जातो, त्या घरात कुणाचा झेंडा आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणून सांभाळायचं ते मत नसतं, शब्द सांभाळायचा असतो. माझं सगळ्यांत मोठं भांडण एका शब्दाशी होतं: आपला. 'आपलं डहाणू' चालेल, 'आपला समुद्र' चालेल, पण 'आपले सरपंच' म्हणायचं नाही. ज्याने त्या सरपंचाला मत दिलं नाही, तोही चहा पीत तुम्हाला ऐकतोय. तुम्ही 'आपले' म्हणालात की त्याला वाटतं, मला वगळून बोलतायत. मी माइकच्या वर एक कागदच चिकटवला होता: 'इथे आपला कोणी नाही.' नवीन आलेली मुलं तो वाचून उगाच गंभीर व्हायची.

विलास धोडी आमच्याकडे आला तेव्हा त्यानेही तो कागद वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, मग पगार कोण देणार?" अच्छाडच्या अलीकडच्या एका गावातला तो, वरच्या पाड्यावर घर. कॉलेज संपवून टेम्पो चालवत होता. आवाज ऐकला आणि मी त्याला टेम्पोतून खाली उतरवला. सकाळचा कार्यक्रम त्याच्याकडे दिला. निम्मा मराठीत, निम्मा वारलीत. मध्येच एखादं गुजराती वाक्य, कारण गुजरातच्या हद्दीजवळ ऐकणारे तेही होते. त्याचं बोलणं शेजाऱ्याने कुंपणावरून हाक मारावी तसं होतं. तो 'आज हवामान ढगाळ राहील' असं कधी म्हणाला नाही. 'वर बघा जरा, अंधारलंय' म्हणायचा. लोक खरंच बाहेर येऊन वर बघायचे.

मग ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्रामपंचायतीला पार्टीची चिन्हं नसतात. उमेदवाराला यादीतलं एखादं चिन्ह मिळतं: शिट्टी, नारळ, शिलाई मशीन, असलं काहीबाही. विलासच्या गावात सरपंचपदाला दोघं उभे होते. जुने सरपंच लक्ष्मणभाऊ, त्यांना कपबशी. आणि काशिनाथ नावाचा तरुण, त्याला छत्री. पार्ट्या पाठीमागे होत्याच, फक्त नाव घेत नव्हत्या.

दिवाळीच्या आधीचे दिवस, भात कापून ठेवलेलं, आणि अवकाळी पाऊस आला. विलास सकाळी म्हणाला, "कापलेलं झाका बरं, आणि बाहेर पडताना छत्री घ्या." कार्यक्रम संपायच्या आत फोन वाजला. रेडिओ छत्रीचा प्रचार करतोय. मी आधी हसले. मग दुसरा फोन आला, तिसरा आला, आणि तिसरा माणूस लेखी तक्रारीची भाषा करायला लागला. मी विलासला सांगितलं, उद्यापासून छत्री बंद. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाहेर पडताना डोक्यावर काहीतरी घ्या." लगेच चिखल्याहून चुरी गुरुजींचा फोन. हे निवृत्त शिक्षक, आमचे सर्वांत निष्ठावान श्रोते आणि सर्वांत मोठी डोकेदुखी. त्यांचं म्हणणं, 'काहीतरी' हे काय मराठी झालं? स्पष्ट वस्तूचं नाव घ्या. मी म्हटलं, गुरुजी, वस्तू निवडणुकीला उभी आहे. त्याच आठवड्यात महिलांच्या कार्यक्रमात एका बाईंनी रव्याच्या लाडवाचं माप 'दोन कप' असं सांगितलं. मी ते कापून तिथे 'दोन वाट्या' घातलं. वाटी कुणाचं चिन्ह नाही ना, हे आधी विचारून घेतलं. निवडणूक आयोगाचा माणूस फोनवर हसत होता. मी हसत नव्हते.

एवढं सगळं सांभाळलं आणि बुडालो कुठे, तर मोबाईलवर.

विलासने आपल्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक फोटो टाकला. काशिनाथ पायात चपला, खांद्यावर टॉवेल, पाड्याची चढण चढतोय. खाली ओळ: 'उमेदवार आपला घरोघरी फिरतोय.' आणि स्वतःच्या नावाशेजारी कायमचा ठेवलेला फोटो कोणता, तर आमच्या माइकपुढे बसलेला, मागे केंद्राचं नाव ठळक. कुणीतरी त्या दोन्हींचा स्क्रीनशॉट काढला आणि दुपारपर्यंत तो हद्दीपलीकडे जाऊन परत आला. माझ्या मोबाईलवर तो इतक्या जणांनी पाठवला की मोबाईल गरम झाला.

मी विलासला फोन लावला. तो निवांत. म्हणाला, "मॅडम, तो आपला फिरतोय, म्हणून लिहिलं. गाडी नाही, घोडा नाही." माझा जीव भांड्यात पडला. कारण त्याचं म्हणणं मराठीत शंभर टक्के बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कपबशीवाले ऑफिसात आले. पुढे दिलीपभाई. यांचं अच्छाडच्या नाक्याजवळ ट्रकवाल्यांना दोरखंड, ताडपत्री, बॅटऱ्या विकायचं दुकान. घरात गुजराती, दुकानात हिंदी, गावात मराठी. ते स्वतः उभे नव्हते, पण लक्ष्मणभाऊंची पोस्टरं त्यांच्या दुकानातून निघायची. आमच्या संस्थेचे अध्यक्षही मुद्दाम येऊन बसले होते. बसायला खुर्च्या पुरेनात, म्हणून दोघं शेगडीजवळ उभे राहिले. दिलीपभाईंनी मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हे बराबर नाही. रेडिओवाला बोलतो 'उमेदवार आपला', मग रेडिओ पण त्याचाच.

मी सांगायला लागले. अहो, मराठीत 'आपला' म्हणजे दरवेळी आपल्या मालकीचा नसतो. म्हातारा आपला कोपऱ्यात बसून असतो, यात म्हातारा कुणाचा? पोर आपलं खेळत होतं, यात पोर तुमचं की माझं? तो आपला गरीब बिचारा फिरतोय, एवढाच अर्थ. शेगडीजवळचे दोघं माना हलवायला लागले. दिलीपभाई हटेनात. "अमारा गुजरातीमां आपणो एटले आपणो," ते म्हणाले, म्हणजे आपला तो आपलाच. पण त्यांचाही सूर उतरला होता. अध्यक्षांनी चहा सांगितला. त्यांनी चहा सांगितला म्हणजे वाद मिटला असं धरायचं. एका क्रियाविशेषणाने मी एक नोकरी वाचवली, असं मला मनातून वाटत होतं, आणि गुरुजींना फोन करून कधी सांगते असं झालं होतं.

विलास दाराशी उभा होता. दिलीपभाईंनी जाता जाता त्याच्याकडे वळून विचारलं, अगदी सहज, "विलास, तूच सांग ना. फिरतो तो आपला, का उमेदवार आपला?"

तो म्हणाला, "दोन्ही."

मी कपाळावर हात मारला, खरोखरचा. तो पुढे बोलतच राहिला, आवाज न चढवता. "फिरतो पण आपला, उमेदवार पण आपला. माझी आई टेकडी उतरून पाणी आणते, दिलीपभाई, तुम्ही बघितलंय. काशिनाथ म्हणतो वरच्या पाड्याला टाकी देतो. मी त्यालाच मत देणार, पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण रेडिओवर एक शब्द बोललो असेन तर सांगा."

दिलीपभाई म्हणाले, "नाही बोलला. ते मी पण मानतो." पण लगेच अध्यक्षांकडे बघून म्हणाले, तरी पण.

त्या 'तरी पण'वर सगळं अडलं. मला विलासचा भयंकर राग आला. मी तुझ्यावर व्याकरणाची छत्री धरली होती, तू ती बंद करून पावसात कशाला गेलास? (मतदान होऊन गेलंय, आता छत्री म्हणायला हरकत नाही.) आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणूनच तर लोक त्याच्या सांगण्यावरून भात झाकतात. तरी निर्णय मीच दिला: मतदान होईपर्यंत विलास माइकवर बसणार नाही, आत बसून ध्वनिमुद्रणं कापेल. कपबशीच्या घरात सकाळी त्याचा आवाज गेला की त्या घरातला माणूस रेडिओ बंद करणार, आणि रेडिओ बंद झाला की त्याला वाऱ्याची सूचनाही कळणार नाही. मला तेव्हा तेच बरोबर वाटलं, आजही वाटतं. फक्त तेवढं करून भागलं असतं तर किती बरं झालं असतं.

सकाळचा कार्यक्रम मेघनाकडे गेला. मेघना डहाणूतल्या शिक्षकाची मुलगी, उच्चार स्वच्छ, वाचन बिनचूक. तिचा एकच दोष, ती वाचून दाखवतेय हे ऐकताना कळायचं. आता गंमत बघा, मेघनाच्या स्टेटसला रोज दिल्लीपर्यंतचं राजकारण असायचं, चांगलं झणझणीत. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. शहरात सगळ्यांचंच तसं असतं म्हणून कुणाला ते दिसत नाही. चुरी गुरुजी तर दिवसाकाठी इतके राजकीय निरोप पुढे ढकलायचे की त्यांचा नंबर मी आवाज बंद करून ठेवला होता. आणि आमचे अध्यक्ष, ज्यांनी मला "मॅडम, केंद्राची प्रतिमा" असं तीनदा ऐकवलं, ते स्टेशनरोडच्या फ्लेक्सवर एका नेत्याच्या वाढदिवसाला हात जोडून उभे होते. गळ्यात गमछा, खाली नाव, नावाखाली आमच्या संस्थेचं पद.

मतदान तोंडावर आलं होतं. आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. लोकांना सवय झाली आहे, तरी घराबाहेर ताडपत्री बांधलेली असते. त्या दिवशी पहाटे एक लहानसा धक्का बसला. तेवढ्याने कुणी हललं नसतं. पण सकाळी मोबाईलवर निरोप फिरायला लागला, कुणा मोठ्या साहेबाचं नाव लावलेला: आज दुपारी फार मोठा धक्का येणार, धरण फुटणार, घरात थांबू नका. लोकांनी शाळेतून पोरं आणली, अंथरुणं काढली आणि मोकळी जागा म्हणून जिथे जाऊन बसले ती जागा म्हणजे हायवेची कड. चेकपोस्टवरून सुटलेले ट्रक तिथे कसे येतात हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. धक्का येवो न येवो, तिथे पोरं चाकाखाली येणार हे उघड होतं.

तहसील कचेरीतून आम्हाला खुलासा आला. मेघनाने वाचला: 'नागरिकांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन प्रशासनातर्फे करण्यात येत आहे.' एक अक्षर चुकलं नाही. पण आवाहन हा शब्द कानावर पडला की पाड्यात लोक उरलेलं सामानही बांधायला घेतात. सरकार घाबरू नका म्हणतंय म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. फोन सुरू झाले. प्रत्येक जण विचारत होता, विलास कुठे आहे? तो काय म्हणतो? एका बाईने तर विचारलं, विलासला आधीच पळवलंत का?

आणि मग दिलीपभाईंचा फोन आला.

"मॅडम, विलासला बसवा."

मी म्हटलं, तुम्हीच त्याला उठवलंत.

"अहो, ते मतदानाचं होतं. हे जिवाचं आहे. माझ्या दुकानासमोर अर्धं गाव रोडवर बसलंय. आमचे लक्ष्मणभाऊ पण त्यांच्यात बसलेत. मी सांगितलं, उठा, कोण ऐकत नाही. तुमची ती ताई चांगली वाचते, पण ती आमच्या ओळखीची नाही."

मला काय सुचलं कोण जाणे, इतक्या दिवसांचा राग साठला होता. मी विचारलं, "मग दिलीपभाई, आज विलास कुणाचा?"

ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून ते म्हणाले, "आज आपला."

मी आतल्या खोलीत गेले. विलासने आधीच हेडफोन गळ्यात घातले होते. तहसीलचा कागद मी त्याच्यापुढे धरला, त्याने तो वाचून उलटा ठेवला. मग माइक सुरू करून तो वारलीत बोलला आणि मराठीतही. "मी विलास. ऐका. जमीन कधी हलेल ते कुणालाच आधी कळत नाही, साहेबाला नाही, मोबाईलला नाही. हलली तर घराबाहेर या, भिंतीपाशी उभे राहू नका, ते आपल्याला माहीत आहे. पण आत्ता रोडवरून उठा. पोरांना धरा आणि आतल्या शेतात जाऊन बसा, नाहीतर आपापल्या अंगणात. मी आत्ताच आईला फोन केला. तिला सांगितलं, चूल पेटव, भाकरी टाक, मी दुपारी जेवायला येतो." 

एवढंच. आवाहन नाही, प्रशासन नाही. नंतर दिलीपभाईंनीच सांगितलं, आधी म्हाताऱ्या बायका उठल्या. विलासची आई चूल पेटवते म्हणजे घरी जायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं. बायका उठल्यावर पोरं उठली, आणि सगळ्यांच्या शेवटी पुढारी उठले. तो खरोखर दुपारी घरी जेवायला गेला. संध्याकाळपर्यंत जमीन हलली नाही. हलली असती तरी त्याने सांगितलेलं चुकीचं ठरलं नसतं, हे मला मुद्दाम नोंदवायचंय, कारण "नशीब तुमचं" असं म्हणणारेही भेटले.

तुम्हाला वाटेल, इथे गोड शेवट झाला. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

निवडणुकीत काशिनाथ थोडक्यात पडला. कपबशीवाले म्हणाले, रेडिओ मागे असूनही पडला. छत्रीवाले म्हणाले, विलासला काढला म्हणून पडला. म्हणजे दोन्हीकडून दोष आमचाच. आणि संस्थेने ठरवलं की आता नियम हवा. प्रत्येक निवेदकाने लिहून द्यायचं, की मी माझ्या खासगी मोबाईलवरही कोणत्याही सार्वजनिक विषयावर मत व्यक्त करणार नाही. मेघनाने तिथल्या तिथे सही केली आणि घरी जाऊन तिचं स्टेटस निवडक लोकांनाच दिसेल अशी सोय केली. ती निवडक मंडळी बरीच असावीत, कारण त्यांत मीही होते.

विलासने सही केली नाही. मी त्याला समजावलं, दटावलं, अरे निवडणुकीपुरतं गप्प बस, असं किती परीने सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, माइकवर बसलो की मी सगळ्यांचा. खाली उतरलो की मी माझ्या आईचा. हे मी तसंच पाळलं ना? मग दुसरं काय लिहून देऊ?"

मी अध्यक्षांशी भांडले. माझा नियम माइकसाठी होता, तुम्ही तो माणसाला लावलात, असं म्हटलं. जो लपवतो तो निःपक्षपाती आणि जो सांगतो तो पक्षपाती, हे कुठलं गणित? अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, दिसलं नाही पाहिजे, एवढंच." मी फ्लेक्सचा विषय काढला. ते म्हणाले, तो वैयक्तिक संबंधाचा भाग आहे.

विलास गेला. हद्दीपलीकडच्या एका कंपनीत खोकी भरायच्या कामाला लागला. ज्या आवाजावर अर्धं गाव रस्त्यावरून उठलं, तो माणूस खोक्यांवर चिकटपट्टी लावत बसला, हे आठवलं की मला आजही संताप येतो. केंद्र चालू राहिलं. कार्यक्रम स्वच्छ झाले, तक्रारी बंद झाल्या, अध्यक्ष खूश झाले. फक्त शेळ्या हरवल्याचे फोन हळूहळू कमी होत गेले. शेळ्या हरवायच्या थांबल्या असतील असं मला वाटत नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षी माइकवरचा तो कागद काढून घरी आणला. डिंक इतका पक्का होता की अर्धा तिथेच राहिला. माझ्याकडे आला तो तुकडा म्हणतो, 'कोणी नाही.'

आता यंदाची गोष्ट. पुन्हा ग्रामपंचायती लागल्या आहेत, तुमच्या हाती अंक येईल तेव्हा निकालही लागला असेल. मागच्या महिन्यात विलासचा फोन आला. सरपंचपदाला उभा राहिलोय म्हणाला. मी चिन्ह विचारलं, तर हसायलाच लागला. "कपबशी, मॅडम." दिलीपभाई यंदा कुणाचे आहेत हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बाकी काही त्याने मागितलं नाही. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाला, अजून टेकडी उतरते.

फोन ठेवला आणि मी चहा करून बसले. शेळ्यांच्या सूचना माझ्याच नंबरवर यायच्या, त्यामुळे निम्म्या पाड्यांच्या मोबाईलमध्ये मी अजून आहे. मी स्टेटसला पोह्यांचा फोटो टाकला तरी तिकडून विचारणा होते. आणि आता मला कुठला परवाना नाही, अध्यक्ष नाहीत, कुणाला काही लिहून दिलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी राजकीय स्टेटस लिहायला बसले. विलास किती चांगला, त्या दिवशी काय झालं, पाण्याची टाकी, सगळं लिहिलं. वाचलं तर प्रचारपत्रक. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. चहा गार झाला. शेवटी जे उरलं ते स्टेटसला टाकलं:

'विलास आपला घरोघरी फिरतोय.'

चुरी गुरुजींचा निरोप लगेच आला. 'बाई, येथे आपला हा शब्द कोणत्या अर्थाने योजिला आहे?'

मी लिहिलं, 'दोन्ही.'